बिनजोड पाइप आणि दिल्लीचे दफ्तर : व्यापार उपाय महासंचालनालयाचा इतिहास

स्मरणिकेच्या मंडळाने ठरवले की नेसरीतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने, ज्या संस्थेशी आपली उमेदीची वर्षे बांधली गेली तिचा इतिहास लिहून द्यावा. कोणी शाळेचा लिहील, कोणी बँकेचा, कोणी आपल्या पलटणीचा. माझ्या वाट्याची संस्था गावातल्या फारशा लोकांनी पाहिलेली नसेल. तिचे नाव व्यापार उपाय महासंचालनालय, पत्ता नवी दिल्लीच्या संसद मार्गावरची जीवन तारा इमारत. मी तिथे नोकरीला नव्हतो. पाइपच्या एका कारखान्यात कॉस्टिंग खात्यात होतो आणि कारखान्याच्या हिशेबाची बाडे घेऊन त्या दफ्तरात हजर राहणे हे माझे काम होते. परदेशातून पडेल भावाने येणाऱ्या मालाची चौकशी तिथे होते. ज्याला पेपरात 'अँटी-डम्पिंग' म्हणतात, ते हे.

गावच्या पुस्तकात याला जागा का द्यावी, असे एकाने विचारले. उत्तर आपल्या शिवारात आहे. घटप्रभेच्या काठापासून वरच्या रानापर्यंत जिथे जिथे ऊस उभा आहे, तिथे मातीखालून एक पाइप गेलेला आहे. त्या पाइपचा भाव कोण ठरवतो, हे आपल्याला कधी कोणी सांगितले नाही.

आमच्या आबांनी नदीवरून पाणी आणले ते लोखंडी पाइपने. एका चैत्रात मोटर सुरू केली आणि बांधाजवळ पाण्याचे कारंजे उडाले. पाइप उभा चिरला होता. आबांनी फुटलेला वीतभर तुकडा कापून घरी आणला, उंबऱ्याजवळ बसले आणि माझे बोट धरून आत फिरवायला लावले. आतून एक बारीक वरंबा बोटाला लागला. "ही शिवण. फुटला तो हितंच फुटला बघ." लोखंडाची पट्टी गोल वळवून कडा एकमेकींना डागून केलेला तो पाइप होता. बाजारातले बहुतेक पाइप असेच असतात, आणि नीट केलेली शिवण आयुष्यभर टिकते. आमची टिकली नाही, इतकेच.

पुढे डिप्लोमा करून कारखान्यात लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सीमलेस पाइपचा तुकडा हातात आला. सवयीने बोट आत गेले. वरंबा नव्हता. तो पाइप कसा होतो हे पाहायला मी जेवणाची सुट्टी सोडून मिलजवळ उभा राहत असे. भट्टीतून केशरी झालेला भरीव गोल बिलेट बाहेर येतो. तिरक्या बसवलेल्या दोन रोलांमध्ये तो भिंगरीसारखा फिरू लागतो. फिरता फिरता त्याचे पोट मधोमध सैल पडते आणि समोरून एक टोकदार प्लग त्यात घुसतो. काही सेकंदांत भरीव लोखंड पोकळ होते, कुठेही न फाटता, न शिवता. जर्मनीतल्या रेमशाइडच्या मानेसमान बंधूंनी १८८५ च्या सुमारास ही युक्ती काढली आणि आजही गाभा तोच आहे. आमच्याकडे बिनजोड म्हणजे ज्याला जोड मिळत नाही असा पैलवान. मी घरी पत्रात लिहिले होते, 'इथे बिनजोड पाइप करतात.' आबांनी ते पत्र तालमीत वाचून दाखवल्याचे मला पुढे कळले.

तेलाच्या विहिरी, बॉयलर, बेअरिंग, ट्रकचे ॲक्सल, जेसीबीचे हायड्रॉलिक सिलिंडर, जिथे आतला दाब किंवा वरचा भार जबरदस्त असतो तिथे सीमलेस पाइप लागतो. या धंद्याची महाराष्ट्रातली दोन मोठी ठाणी. एक इंडियन सीमलेस, म्हणजे नंतरची आयएसएमटी. ती १९७७ मध्ये स्थापन झाली. तिचे कारखाने अहमदनगर (आता अहिल्यानगर) आणि बारामतीला, पोलाद जेजुरीला. दुसरी १९८८ ची महाराष्ट्र सीमलेस, रायगड जिल्ह्यात नागोठण्याजवळ सुकेळीला, मुंबई-गोवा रस्त्याला लागून. कारखान्याच्या पत्त्यातच 'पाइपनगर' असा शब्द आहे. कोकणात जाताना एसटीच्या खिडकीतून तो पाहिलेले आपल्यातही बरेच असतील.

आता संस्थेकडे वळतो. पण तिच्या जन्माआधीचे थोडे सांगितल्याशिवाय ती कळणार नाही.

पडेल भावाने माल ओतण्याविरुद्धचा जगातला पहिला कायदा कॅनडाने १९०४ मध्ये केला. भांडण पोलादाचेच होते. कॅनडात रेल्वे घातली जात होती आणि अमेरिकेतून येणारे रूळ घरच्या भावापेक्षा खाली विकले जात असल्याची ओरड होती. पुढे १९४७ च्या गॅट करारात सहाव्या कलमाने हा हक्क सगळ्या सदस्य देशांना मिळाला. भारत त्या कराराच्या मूळ २३ देशांपैकी एक. मात्र आपल्या कायद्यात तरतूद यायला १९८२ साल उजाडले, नियम १९८५ मध्ये झाले आणि तरीही ते कपाटातच राहिले. कारण सोपे होते. आयातीला परवाना लागत होता, शुल्क जबर होते. दरवाजालाच कुलूप, मग पहारेकरी कशाला?

१९९१ मध्ये कुलूप निघाले. १९९२ मध्ये भारताने पहिली चौकशी उघडली, ती परदेशातून येणाऱ्या पीव्हीसी रेझिनवर. गोठ्याच्या कडेला पडलेला आपला करडा प्लॅस्टिकचा पाइप ज्यापासून बनतो तो हा कच्चा माल. पोलादी पाइपचे प्रकरण यायला अवकाश होता, पण या दफ्तराची पाटी पुसून पहिले अक्षर लिहिले गेले ते शेतकऱ्याच्या पाइपच्या निमित्ताने, ही गोष्ट मला कधी विसरता आली नाही.

१ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना आली आणि त्याच दिवसापासून भारताचे नवे नियम लागू झाले. कायदा म्हणजे १९७५ चा सीमाशुल्क दर अधिनियम, त्याची ९-अ, ९-ब, ९-क ही कलमे. चौकशी करणारा 'नियुक्त प्राधिकारी' वाणिज्य मंत्रालयातला वरिष्ठ अधिकारी असे. कामाचा ढीग वाढला तेव्हा एप्रिल १९९८ मध्ये स्वतंत्र महासंचालनालय झाले, डम्पिंगविरोधी व संलग्न शुल्क महासंचालनालय. आम्ही त्याला 'डीजीएडी' म्हणत असू. अँटी-डम्पिंग चौकश्या उघडणाऱ्या देशांत भारताचा क्रमांक जगात पहिला आहे, आणि त्यातल्या बहुतेक या दफ्तराने चालवल्या.

चौकशीचा गाभा एका वजाबाकीत आहे. परदेशी कारखाना आपल्या देशात एक टन पाइप समजा ९० हजारांना विकतो आणि आपल्याकडे ७० हजारांना पाठवतो. दोन्ही भाव कारखान्याच्या फाटकापाशी आणायचे, म्हणजे जहाजाचे भाडे, विमा, दलाली, हमाली सगळे वजा करायचे. मग उरलेला फरक म्हणजे डम्पिंगची रक्कम. तो फरक निर्यात किमतीच्या २ टक्क्यांहून कमी असेल तर प्रकरण तिथेच संपते. एखाद्या देशाचा माल एकूण आयातीच्या ३ टक्क्यांहूनही कमी असेल तर सहसा त्याला सोडून देतात. स्वस्त विकणे हा गुन्हा नाही, हे लोकांना पटवून सांगताना माझा घसा बसे. ज्याचा खर्चच कमी आहे त्याने खुशाल स्वस्त विकावे. घरात महाग आणि परगावी स्वस्त विकले जाते, इथला उद्योग मोडतो आहे, आणि तो त्यापायीच मोडतो आहे, अशा तिन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. तिसरी सर्वांत अवघड.

अर्ज कोणीही एकट्याने ठोकून चालत नाही. अर्जाला पाठिंबा देणाऱ्या कारखान्यांचे उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान २५ टक्के लागते, आणि ज्यांनी बाजू घेतली त्यांच्यात विरोध करणाऱ्यांपेक्षा ते जास्त भरावे लागते. चौकशीला एक वर्ष, फार तर दीड. मग निष्कर्ष राजपत्रात छापून येतात. तरी शुल्क लागलेले नसते. हे दफ्तर फक्त शिफारस करते, शुल्क अर्थ खाते लावते आणि त्यासाठी त्याला तीन महिने असतात. पटले नाही तर अपिलासाठी वेगळे न्यायाधिकरण. लागलेले शुल्क पाच वर्षे चालते. पुढे हवे असेल तर मुदतीआधी नव्याने चौकशी, नव्याने पुरावा.

एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. डम्पिंग समजा ३० टक्के निघाले, पण देशी उद्योगाला सावरायला २० टक्क्यांनी भाव चढला तरी पुरे असेल, तर शुल्क २० टक्केच. इजेपुरते औषध. जास्तीचे पैसे शेवटी पाइप विकत घेणाऱ्याच्याच खिशातून जातात, हे या नियमाला ठाऊक आहे.

बाहेरच्यांना वाटते, देशी कारखानदाराने दिल्लीत जाऊन रडायचे आणि सरकारने परदेशी मालावर कर लावायचा. मी जे पाहिले ते असे नव्हते. आधी झडती अर्जदाराची होते. आमच्या कारखान्यात पडताळणीचे पथक आले तो पहिला दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. चहा आला, तो टेबलाच्या कोपऱ्यात गार होत राहिला. अधिकाऱ्याने आमच्या खर्चपत्रकातली एक ओळ धरली, प्रतिटन वीज. मग बिल मागितले, मग जनरेटरच्या डिझेलची व्हाउचरे, मग मिलचे मीटर रीडिंग. तासाभराने त्याने पेन्सिलीने एका आकड्याभोवती गोल काढला आणि पान माझ्यापुढे सरकवले. स्वतःच्या जनरेटरची वीज मी दोनदा धरली होती, एकदा इंधनात आणि एकदा विजेत. चूक माझी होती. मुद्दाम केलेली नव्हती, पण तसे म्हणायला तोंड उघडेना. पान दुरुस्त झाले, आमचा दाखवलेला खर्च टनामागे खाली आला आणि आम्ही सांगितलेल्या नुकसानीचा आकडाही त्याबरोबर उतरला. आमचे साहेब मला काही बोलले नाहीत. रात्री खोलीवर पुन्हा पहिल्या पानापासून सगळी बेरीज केली. त्या दिवसापासून माझा या दफ्तरावर विश्वास बसला.

तिथली कागदाची एक रीतही सांगतो. प्रत्येक दस्तऐवजाच्या दोन प्रती, एक गोपनीय आणि एक सर्वांना पाहता येईल अशी. आपला खर्च, आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याला कळू नयेत म्हणून दुसऱ्या प्रतीत खरे आकडे झाकतात आणि पहिले वर्ष शंभर धरून पुढची चाल दाखवतात. निष्कर्षांतही जागोजाग आकड्यांऐवजी तीन तारका छापलेल्या दिसतात. नवख्या माणसाला वाटते काहीतरी लपवले आहे. पण त्या तारकांसह जी फाइल उरते ती चौकशीतल्या कोणत्याही पक्षाला पाहता येते. समोरच्याचे म्हणणे वाचा, लेखी उत्तर द्या, त्यावर प्रत्युत्तर द्या. तोंडी सुनावणीला लांबट टेबलाच्या एका बाजूला देशी कारखानदारांचे वकील, दुसऱ्या बाजूला परदेशी निर्यातदारांचे आणि आयातदारांचे. तोंडी बोललेले नंतर लेखी दिले नाही तर त्याला किंमत नाही. आमच्या पंचायतीनेही ही रीत उचलावी, असे मला अनेकदा वाटले आहे.

आता पाइपचे प्रकरण. इतिहासात याला जागा जास्त देतो, कारण संस्थेची ताकद आणि तिच्या सीमा दोन्ही इथे उघड झाल्या.

२००९-१० मध्ये युरोप आणि अमेरिकेने चिनी सीमलेस पाइपवर शुल्के लावली. दोन मोठी दारे अर्धी बंद झाली की लोंढा तिसऱ्या दाराकडे वळतो, आपल्या पाटाचे पाणी वळते तसा. पहिला बांध २०१४ मध्ये घातला गेला. तो अँटी-डम्पिंगचा नव्हता, संरक्षणात्मक शुल्काचा होता. ऑगस्ट २०१४ पासून पहिल्या वर्षी २० टक्के, पुढे उतरत जाणारे. हे शुल्क कोणा एका देशाच्या लबाडीसाठी नसते, अचानक आलेल्या पुराविरुद्ध ते तात्पुरते वाळूचे पोते असते. गंमत अशी की ते काम तेव्हा वेगळ्या कार्यालयाकडे, अर्थ मंत्रालयाखालच्या सेफगार्ड महासंचालनालयाकडे होते. पाइप एकच, आणि कारखानदार दोन मंत्रालयांच्या जिन्यांवर.

पोते पुरले नाही. २०१४ च्या मध्यापर्यंत शंभर डॉलरच्या वर असलेले कच्चे तेल २०१६ च्या सुरुवातीला तीस डॉलरच्या खाली गेले. जगभर विहिरी खोदणे थांबले आणि विहिरीत उतरणारा पाइप गोदामात साचू लागला. त्याच सुमारास चीनमध्ये पोलादाची घरची मागणी ओसरली होती. २०१५ मध्ये चीनने ११ कोटी टनांहून जास्त पोलाद बाहेर पाठवले. इतके पोलाद त्याआधी कोणत्याही देशाने एका वर्षात निर्यात केले नव्हते.

जुलै २०१५ मध्ये डीजीएडीने चीनहून येणाऱ्या सीमलेस पाइपवर चौकशी उघडली. माल कोणता, तर लोखंड आणि मिश्र वा अमिश्र पोलादाचे बिनजोड पाइप, बाहेरचा व्यास ३५५.६ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे १४ इंच. ओतीव लोखंड आणि स्टेनलेस वगळून. व्याख्या इतकी नेमकी का, हे कॉस्टिंगवाल्याला विचारा. एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तरी जहाजभर माल शुल्काच्या बाहेर निसटतो.

खरा वाद कारणाचा होता. निर्यातदारांची बाजू अशी की तेल पडले म्हणून मागणी पडली, त्याचे खापर आमच्या भावावर का फोडता? देशी कारखान्यांनी उसाच्या पैशांवर घर बांधावे तशी कर्जे काढली, तीही आमच्यामुळे? प्रश्न बिनबुडाचा नव्हता. कायदाच सांगतो की दुसऱ्या कारणांनी झालेली हानी डम्पिंगच्या माथी मारायची नाही. मग ओळ ओळ तपासावी लागते. मागणी घटली, पण घटलेल्या बाजारात आयातीचा वाटा वाढला का? देशी भाव उतरले ते आयातीच्या भावामागे फरफटत उतरले का? खर्च तसाच असताना भाव खाली का आणावा लागला? दफ्तराने हानी आणि तिचे कारण दोन्ही मान्य केले.

दुसरा तिढा चीनचाच. तिथला घरचा भाव खरा बाजारभाव मानायचा का? २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला तेव्हा त्याने मान्य केले होते की १५ वर्षे इतर देशांना त्याचा घरचा भाव नाकारता येईल. म्हणून अशा प्रकरणांत तुलनेसाठीचा घरचा भाव, ज्याला कायदा सामान्य मूल्य म्हणतो, दुसऱ्या मार्गाने काढला जाई. ती मुदत ११ डिसेंबर २०१६ ला संपली आणि आमच्या प्रकरणाचे अंतिम निष्कर्ष त्याच डिसेंबरच्या सुरुवातीचे. पुढच्या काळात १५ वर्षांच्या या एका अटीच्या अर्थावर देशोदेशी वकिलांची पिढी पोसली गेली.

१७ मे २०१६ ला अर्थ खात्याने तात्पुरते शुल्क लावले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ते पक्के केले. शुल्काची रीत संदर्भ किमतीची होती. पाइपच्या प्रकारानुसार टनाला ९६१.३३ डॉलरपासून १,६१०.६७ डॉलरपर्यंत किमती ठरवून दिल्या. आयात मालाची बंदरावर उतरलेली किंमत यापेक्षा कमी भरली तर जेवढा फरक तेवढे शुल्क, जास्त भरली तर शून्य. ही पद्धत वापरणाऱ्याला न्याय्य आहे, कारण जगात भाव चढले की शुल्क आपोआप विरघळते. पण तिच्यात एक भोक आहे, आणि ते मी सुरुवातीपासून सांगत आलो. कागदावर किंमत चढवून दाखवली की शुल्क चुकते. अशा जागी टनामागे ठरलेली रक्कमच बरी, असे माझे मत आहे आणि ते बदललेले नाही. मुदत संपताना पुन्हा चौकशी झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये शुल्क आणखी पाच वर्षांसाठी चालू ठेवले गेले. म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत.

शुल्काने सगळे तरले का? कर्जाचे ओझे शुल्काने उतरत नाही. नगर-बारामतीची आयएसएमटी मार्च २०२२ मध्ये किर्लोस्कर फेरसच्या ताब्यात गेली. त्या नगरच्या फाटकातून तीन पाळ्यांत माणसे जात-येत राहिली, ही गोष्ट मला शेअरबाजाराच्या भावापेक्षा मोठी वाटते.

आणि आपण नेहमी फिर्यादीच्या बाकावर असतो असेही नाही. अमेरिकेने भारतीय वेल्डेड पाइपवर लावलेला अँटी-डम्पिंगचा हुकूम मे १९८६ चा आहे. आपल्याकडे पहिली चौकशी उघडली त्याच्या सहा वर्षे आधीचा. तेलविहिरींच्या पाइपवर सप्टेंबर २०१४ मध्ये दुसरा हुकूम निघाला आणि त्या चौकशीत भारतीय निर्यातदारांत सुकेळीच्या महाराष्ट्र सीमलेसचे नाव होते. दिल्लीत चिनी पाइपविरुद्ध हा उद्योग दाद मागत होता आणि वॉशिंग्टनमध्ये तोच उद्योग उत्तर देत होता. त्यामुळे दफ्तराच्या शिस्तीबद्दल आपण हट्टी असले पाहिजे. आपल्या फाइलमध्ये जी ढिलाई आपण खपवून घेऊ, तीच उद्या परक्या दरबारात आपल्या अंगावर येईल. भारतीय निर्यातदारांना परदेशी चौकश्यांत मदत करणे हेही आता या संस्थेचे काम आहे.

मे २०१८ मध्ये दोन जिने एक झाले. डीजीएडी, अर्थ मंत्रालयाखालचे सेफगार्ड महासंचालनालय आणि विदेश व्यापार महासंचालनालयाकडचे या संबंधातले काम एका छताखाली आले आणि आजचे महासंचालनालय, 'डीजीटीआर', जन्माला आले. डम्पिंग, अचानक वाढलेली आयात आणि परक्या सरकारचे अनुदान, तिन्हींचे दार आता एकच. अनुदानाविरुद्धचे मोठे पाइपप्रकरण लगेच पुढच्या वर्षी झाले. चीन आणि व्हिएतनाममधून येणाऱ्या स्टेनलेसच्या वेल्डेड पाइपवर सप्टेंबर २०१९ मध्ये प्रतिरोधक शुल्क लागले. स्टेनलेसच्या सीमलेस पाइपवर चीनविरुद्ध अँटी-डम्पिंग शुल्क डिसेंबर २०२२ मध्ये आले. कोरोनात सुनावण्या पडद्यावर गेल्या. लांबट टेबल तेव्हा सुटले, पण नेसरीत बसूनही सुनावणी ऐकता येईल अशी सोय झाली.

२०२० नंतर आणखी एक बदल झाला. दफ्तराने शिफारस करावी आणि अर्थ खात्याने ती स्वीकारू नये, असे बऱ्याच प्रकरणांत घडू लागले. कारखानदार चिडले. वर्षभराची चौकशी, हजारो पाने, आणि शेवटी शुल्क नाही. त्यांचा राग मला समजतो. तरी मालाचा वापर करणाऱ्यांचा विचार कुठेतरी होतो आहे, हेही मला त्यात दिसले. खटकते ते वेगळेच. तो विचार बंद दाराआड होण्याऐवजी चौकशीच्या खोलीत, सगळ्यांसमोर, कागदावर व्हायला हवा. नियमांत त्याला जागा आहे. १९९५ च्या नियमांतला सहावा नियम सांगतो की ज्या मालाची चौकशी चालू आहे तो माल वापरणाऱ्या उद्योगांना आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यायची. अलीकडे आर्थिक हिताची वेगळी प्रश्नावलीही निघते. जागा आहे, पण खुर्ची बहुतेक वेळा रिकामी असते. मोठा वापरदार वकील लावतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला, गडहिंग्लजच्या औद्योगिक वसाहतीतला लेथवाला कोण लावणार?

हा लेथवाला पाइप कशाला घेतो, तेही सांगतो. त्याला ट्रॅक्टरचे बुश करायचे असतात. भरीव सळई घेतली तर मधले लोखंड कोरून काढावे लागते, अर्धे लोखंड किस होऊन खाली पडते आणि टूल झिजते ते वेगळे. सीमलेस पाइपचा तुकडा घेतला तर आतले कोरलेलेच असते, नुसते मापाला आणायचे. म्हणून टनाला चार हजार चढले की त्याचे बुशामागचे गणित बिघडते. देशी मिल त्याला हवा तो व्यास देत नाही असे नाही, पण त्याच्या दीड टनासाठी कोण मिलचे रोल बदलणार? तो व्यापाऱ्याकडून घेतो आणि व्यापारी जे म्हणेल ते देतो.

निवृत्त होऊन गावी आल्यावर असाच एक तरुण माझ्याकडे आला. आमच्याच भावकीतल्या मुलीचा नवरा, गडहिंग्लजला दोन लेथ. एका चौकशीची बातमी त्याने फोनवर वाचली होती. "मामा, हे लोक आम्हाला विचारतच नाहीत काय?" मी म्हटले, "विचारतात. राजपत्रात छापून विचारतात." त्याने पिशवीतून पाइपचा वीतभर कापलेला तुकडा काढून चौकटीजवळ ठेवला. आम्ही अंगणात बसलो. महिन्याला किती किलो लागतो, कोणत्या व्यासाचा, किती जाडीचा, भाव तीन वर्षांत कसा गेला, एका बुशात पाइपचा खर्च किती आणि मजुरीचा किती, देशी माल मागितला तर किती आठवडे थांबावे लागते, असे एकेक लिहीत गेलो. शुल्क नको असे त्याने लिहावे, ही माझी इच्छा नव्हती आणि त्याचीही नव्हती. त्याचे म्हणणे इतकेच होते की लहान मापांसाठी वेगळा विचार व्हावा. आधी मराठीत लिहिले, मग इंग्रजीत. आकड्यांना बिले जोडली. दोन प्रती केल्या, एक गोपनीय, एक सर्वांना दिसणारी. दुसऱ्या प्रतीत खरे भाव झाकून पहिले वर्ष शंभर कसे धरायचे, ते त्याला दाखवले.

लिहून झाल्यावर तो तुकडा उचलायला वाकला, तेवढ्यात माझ्या नातीने त्यात बोट घातले आणि आत फिरवून पाहिले. मग पत्त्याच्या जागी त्याने आपल्या कारखान्याचे गाव लिहिले आणि खाली जिल्हा कोल्हापूर.